देवनागरी बोधचिन्ह करायला घेताना: नव्या ग्राफिक डिझायनरसाठी पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत

मी कोल्हापुरात गेली चौदा वर्षे स्वतंत्रपणे ग्राफिक डिझायनर म्हणून काम करते. माझे ग्राहक म्हणजे मसाल्याचे घरगुती उद्योग, बेकऱ्या, दवाखाने, सराफी दुकाने, एखाददुसरी पतसंस्था आणि अधूनमधून पुण्या-मुंबईची एखादी कंपनी. उपयोजित कलेची पदविका घेताना अक्षरलेखन, रंगसंगती आणि मांडणी हे सगळे नीट शिकायला मिळाले. परंतु “ताई, नुसता लोगो पाहिजे, तुम्हाला काय, दोन तासांचं काम,” असे म्हणणाऱ्या माणसाला आधी काय विचारायचे, पैसे कोणत्या टप्प्यावर मागायचे आणि प्रेसला फाइल कोणत्या रूपात द्यायची, हे कोणीच शिकवले नव्हते. ते मी चुका करत शिकले. त्या चुका नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह सांगते, कारण पुढचे बहुतेक टप्पे त्यावर उभे आहेत. महाराष्ट्रात चालणाऱ्या व्यवसायाचे बोधचिन्ह आधी देवनागरीत आखावे आणि रोमन रूप त्यावरून काढावे. बहुतेक नवे डिझायनर याच्या उलट करतात: इंग्रजी नावाचा सुबक लोगो तयार होतो, ग्राहकाची मान्यता मिळते, आणि पाटी करायची वेळ आली की त्याखाली कुठल्यातरी तयार टंकात (फॉन्टमध्ये) मराठी नाव चिकटवले जाते. ते चिकटवलेले आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळते.

कामाला बसण्याआधी जवळ काय हवे

साधने फार लागत नाहीत. चौकटीची वही, मऊ पेन्सिल, ट्रेसिंग पेपर आणि कट निब किंवा कापलेला बोरू हाताशी असावा. संगणकावर इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ यांपैकी एक सॉफ्टवेअर यावे. वर्गणी परवडत नसेल तर इंकस्केप मोफत मिळते आणि सुरुवातीला ते पुरते. आपल्या भागातल्या बहुतेक प्रेस आणि फ्लेक्सवाले कोरलमध्ये काम करतात, त्यामुळे तुम्ही स्वतः काहीही वापरत असलात तरी कोरलची फाइल उघडता आणि तपासता येणे सोयीचे ठरते. छापील रंगतक्ता मात्र नक्की घ्या, कारण पडद्यावरच्या रंगावर विसंबून दिलेला शब्द नंतर आपल्यालाच महागात पडतो.

कागदपत्रे अशी लागतात:

- पॅन कार्ड आणि व्यवसायासाठी वेगळे ठेवलेले बँक खाते
- उद्यम नोंदणीचे (लघुउद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचे) प्रमाणपत्र
- दरपत्रकाचा एक पानी नमुना, ज्यात टप्पे, मुदत आणि दुरुस्त्यांची संख्या लिहिलेली असेल
- अंतिम रचनेवर ग्राहकाची सही घेण्यासाठी मान्यतेचा नमुना
- कॉपीराइट हस्तांतरणाच्या पत्राचा नमुना

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. शोधताना मात्र तशाच दिसणाऱ्या, पैसे घेणाऱ्या खासगी संकेतस्थळांच्या जाहिराती आधी समोर येतात. तिथे पैसे भरू नका.

१. पहिल्या भेटीत रेखाटू नका, विचारा

ग्राहकासमोर पेन्सिल चालवून दाखवण्याचा मोह आवरावा. पहिल्या भेटीत मी फक्त प्रश्न विचारते आणि उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून घेते. नाव नेमके कसे लिहिता, ऱ्हस्व की दीर्घ, एक शब्द की दोन? हे चिन्ह सर्वांत लहान कुठे छापले जाईल आणि सर्वांत मोठे कुठे? पहिल्या वर्षी ते नक्की कशाकशावर येणार: बिलबुकावर, पिशवीवर, पाऊचवर, टेम्पोच्या दारावर? सध्याचे गिऱ्हाईक तुमचे दुकान कशावरून ओळखते? शेवटच्या प्रश्नाला अनेकदा अनपेक्षित उत्तर येते. एका बेकरीवाल्यांनी सांगितले होते की लोक त्यांना “निळ्या दाराची बेकरी” म्हणतात; तिथे रंग ठरवण्याचे माझे काम तेवढ्यात संपले.

मुहूर्तही विचारा. आपल्याकडे कामाची खरी मुदत दरपत्रकावर नसते. ती दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीयेला असते. दसऱ्याला उद्घाटन असलेला ग्राहक घटस्थापनेच्या सुमारास येतो आणि त्याला वाटते की पुरेसा वेळ आहे. पाटी करणाऱ्याला आठ-दहा दिवस लागतात आणि पाऊचच्या छपाईला त्याहूनही जास्त, तेव्हा मुहूर्तापासून मागे मोजत या आणि तुमच्या हातात प्रत्यक्षात किती दिवस उरतात ते त्याला तिथेच सांगा.

अंतिम निर्णय कोण घेणार, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरीही विचारा. एका मसाल्याच्या उद्योगासाठी मी तीन आठवडे मुलाशी बोलत राहिले, सगळे त्याच्या पसंतीने ठरले, आणि शेवटच्या दिवशी त्याच्या आई आल्या. उद्योग त्यांचा होता. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, “हे मला वाचताच येत नाही गं.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि काम पहिल्यापासून करावे लागले.

२. नाव तपासल्याशिवाय अक्षराला हात लावू नका

नाव ठरवणे ग्राहकाचे काम आहे, हे खरे. परंतु नाव नंतर बदलावे लागले तर वाया जाणारी मेहनत तुमची असते. भारतीय व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध मोफत करता येतो: शब्दावरून, उच्चाराच्या साम्यावरून आणि आकृतीच्या वर्गीकरणावरून. उच्चाराचा शोध जरूर करा, कारण स्पेलिंग वेगळे असले तरी उच्चार सारखा असलेले नाव अडचणीत आणते. नोंदणीसाठी वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात, लोणची २९ व्या वर्गात, तर खानावळ आणि उपाहारगृहाची सेवा ४३ व्या वर्गात येते. म्हणजे मसाले आणि लोणची एकाच घरातून विकणाऱ्याला दोन वर्गांत शोध घ्यावा लागतो.

‘चविष्ट मसाले’ किंवा ‘शुद्ध तूप’ असे निव्वळ वर्णन करणारे नाव नोंदवून घेणे कठीण असते, कारण १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार वर्णनात्मक शब्दावर सहसा एकट्याचा हक्क मिळत नाही. ग्राहकाला हे लवकर सांगितले तर तो ऐकतो, उशिरा सांगितले तर भांडतो.

आणखी एक अडथळा आपल्या भागात हमखास येतो. १९५० च्या चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव व चित्र समाविष्ट आहे, राष्ट्रध्वजही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून त्यांचा व्यापारी वापर करता येत नाही. “महाराजांची आकृती टाका, लोक जोडले जातात,” असे म्हणणारा ग्राहक श्रद्धेनेच बोलत असतो, त्यामुळे त्याला नकार देताना कायदा दाखवणे वाद घालण्यापेक्षा बरे. मद्य देणाऱ्या आस्थापनांना महाराष्ट्रात महान व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे पाटीवर लावता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

३. दर, टप्पे आणि अग्रिम

पहिला लोगो मी १५०० रुपयांना केला होता आणि त्यात अकरा वेळा बदल करून दिले होते. दर कमी होता हे दुःख नाही. बदलांना मर्यादा घातली नाही, ही चूक होती. दरपत्रकात किती पर्याय दाखवणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत आणि त्यापुढच्या फेरीला किती आकार पडेल, हे आकड्यांत लिहा. मी दोन पर्याय आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या देते. निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी आणि उरलेली रक्कम अंतिम फाइली देण्याआधी घेते. अग्रिम मागितल्यावर जो ग्राहक “आमच्यावर विश्वास नाही का?” असे विचारतो, त्याच्याकडून शेवटचे पैसे मिळायला सहसा सर्वांत जास्त वेळ लागतो.

४. अक्षर आखणे

खरे काम इथे सुरू होते, आणि नव्या माणसाने सर्वाधिक वेळही इथेच द्यावा. संगणक बंद ठेवून नाव वहीत किमान पन्नास वेळा वेगवेगळ्या प्रकारे लिहा. बोरूने लिहिणार असाल तर देवनागरीचा काप रोमनच्या उलट बाजूला तिरका असतो. त्यामुळे अक्षरातली जाड-बारीक वळणे रोमनपेक्षा वेगळ्या जागी पडतात. रोमन लोगोची जाडी मोजून तीच देवनागरीवर लादली की अक्षर परके दिसते, त्याचे मूळ कारण हे आहे.

प्रत्येक नावात एखादे अक्षर असे असते की ते सुटले म्हणजे बाकीचे सुटतात. ते शोधा. ‘छ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ह्म’, ‘द्ध’ यांपैकी काही नावात असेल तर सुरुवात त्यापासूनच करा, कारण सोप्या अक्षरांवरून ठरवलेली शैली अवघड अक्षरापाशी येऊन मोडते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षके मिळतील तिथून गोळा करून पाहा. नाटकाचा स्वभाव त्यांनी अक्षरांच्या घडणीतच पकडलेला दिसतो, वेगळ्या चित्राची गरज क्वचितच पडते. मी विद्यार्थिदशेत ती शीर्षके वर्तमानपत्रांतून कापून वहीत चिकटवत असे आणि ती वही अजून टेबलाच्या खणात आहे.

आता सापळे. ते बरेच आहेत.

शिरोरेषा काढून टाकणे ही सध्याची आवडती युक्ती आहे. दिसायला अक्षर हलके होते, पण ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक ओळखायला शिरोरेषेतला खंड मदत करतो, आणि तो आधारच नाहीसा होतो. नावात ही अक्षरे नसतील तर खुशाल काढा. असतील तर त्यांच्या डोक्याकडील वळण इतके स्पष्ट करा की संशय राहू नये. ‘ख’ सैल पडला की ‘रव’ वाचला जातो. चमच्याची, पानाची किंवा थेंबाची आकृती शिरोरेषेच्या वर ठेवली तर वाचणारा तिला अनुस्वार समजतो, आणि ‘काकू’चे ‘कांकू’ होते. शब्दाच्या शेवटी ठेवलेले दोन ठिपके विसर्ग वाटतात. रोमन अक्षरांत जसे अंतर वाढवून ऐसपैसपणा आणतात तसे देवनागरीत केले की शिरोरेषेत फटी पडतात. अंतर वाढवायचेच असेल तर रेषा स्वतंत्र आखून घ्यावी. अक्षरे एकाखाली एक रचताना वेलांटी आणि काना त्यांच्या अक्षरापासून वेगळे करू नयेत.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे हिंदीत रूढ असलेल्या रूपांपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. पुष्कळ टंकांत मुळात हिंदी रूप असते आणि मराठी रूप पर्यायी म्हणून आत दडलेले असते; सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली किंवा अक्षरांच्या तक्त्यातून शोधले तर ते मिळते. तसेच ‘ॲ’ हे मराठी रूप वापरा आणि ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट उमटतो आहे ना, ते पाहा. हे बारकावे ग्राहकाच्या लक्षात येणार नाहीत, पण मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांची पाटी करायला घ्याल तेव्हा नक्की येतील.

टंकावरून लोगो करायचा असेल तर परवाना आधी वाचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक खुल्या परवान्यात उपलब्ध आहेत आणि ते लोगोसाठी, व्यापारी कामासाठी विनामूल्य वापरता येतात. तिरो देवनागरी मराठी हा टंकही तसाच खुला आहे, आणि पारंपरिक वळणाच्या नावांना तो छान बसतो. मंगल हा टंक र. कृ. जोशी यांच्यासारख्या मोठ्या अक्षरकाराने घडवला असला, तरी तो पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून घडवलेला आहे. लोगोसाठी तो घेऊ नका. कोणताही टंक घेतला तरी निदान दोन-तीन अक्षरे हाताने बदला, अन्यथा समोरच्या गल्लीत तीच पाटी दिसण्याची शक्यता असते.

इलस्ट्रेटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसत असेल किंवा जोडाक्षरे फुटत असतील, तर टंकाला दोष देण्याआधी पसंतींच्या टाइप विभागातील इंडिक पर्याय सुरू करा आणि परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडा. माझे पहिले वर्ष हे माहीत नसल्यामुळे वेलांट्या हाताने सरकवण्यात गेले.

देवनागरी रूप पक्के झाल्यावर रोमनकडे वळा. दोन्ही शेजारी ठेवताना मात्रा आणि उकार धरून एकूण उंची जुळवली तर देवनागरी शब्द लहान दिसतो, कारण वरच्या-खालच्या चिन्हांमुळे मधल्या अक्षराला जागा कमी उरते. शिरोरेषा रोमनच्या लहान अक्षरांच्या माथ्याच्या थोडी वर ठेवून पाहा आणि शेवटी फूटपट्टीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

५. पर्याय दाखवणे

पहिल्यांदा फक्त काळ्या-पांढऱ्यात दाखवा. रंग असला की चर्चा रंगावर जाते आणि अक्षराचा दोष झाकला जातो. मी दोन पर्याय कागदावर छापून नेते. प्रत्येक पानावर एक मोठा आकार, एक व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचा आणि एक पंधरा मिलिमीटर रुंदीचा. रुपयाचे चिन्ह पाहा: मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांची ही रचना १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली गेली, आणि भाजीवाल्याच्या पुठ्ठ्यावर खडूने काढली तरी ती ओळखू येते. तुमचे चिन्हही कोणाला तरी आठवणीतून काढायला सांगून पाहा. काय विसरले जाते, ते तुम्हाला लगेच कळेल.

मोबाइलवर पर्याय पाठवण्याचे शक्यतो टाळावे. पाठवलेले चित्र कुटुंबाच्या गटात जाते आणि रात्री साडेदहाला “भाच्याने असे सुचवले आहे” हा निरोप येतो. माझा सकाळचा आठ ते अकराचा वेळ अक्षरांचा असतो आणि तेव्हा फोन बंद असतो. दुपार प्रेसमध्ये जाते. ग्राहकांच्या निरोपांना मी संध्याकाळी एकदाच उत्तर देते. पहिल्या दिवसापासून ही शिस्त सांगितली तर लोक ती पाळतात. पसंत झालेल्या पर्यायावर तारीख घालून सही घ्या, आणि नावाचे प्रत्येक अक्षर ग्राहकाकडून मोठ्याने वाचून घ्या. शुद्धलेखनाची चूक पाटी लागल्यावर सापडली तर तिचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्या सहीने सुटतो.

६. रंग आणि छपाई

पडद्यावरचा झळझळीत शेंदरी किंवा पोपटी रंग चार शाईंच्या छपाईत मलूल होतो. म्हणून रंग छापील तक्त्यावरून ठरवा आणि त्याचे सीएमवायके आकडे, म्हणजे चारही शाईंचे प्रमाण, लिहून द्या. बारीक काळा मजकूर केवळ काळ्या शाईतच ठेवा. चार शाईंनी बनवलेला काळा किंचित सरकला तरी अक्षरांभोवती रंगीत कडा दिसते. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा सोडा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर शिरोरेषा थोडी जाड करून वेगळी आवृत्ती बनवा, कारण शाई पसरून बारीक रेषा बुजते.

पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि त्याचा खर्च ग्राहकावर पडतो, त्यामुळे पाच रंगांचा लोगो दिलात तर दोष तुमच्याकडेच येईल. कापडी पिशवीवरच्या स्क्रीन छपाईत एक, फार तर दोन रंग धरा. खाद्यपदार्थ असेल तर वेष्टनावर एफएसएसएआयचे (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) चिन्ह, १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी असल्यास हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ यांना जागा ठेवावीच लागते. लोगोतच हिरवा गोल ठिपका असेल तर दोन्हींची गल्लत होते. तो टाळा.

प्रेसमध्ये पहिला नग निघताना स्वतः उभे राहा. मशिनवरच्या माणसाला चहा पाजून “शाई थोडी कमी चालेल का?” असे विचारण्याने जेवढे काम सुधारते, तेवढे ईमेलने सुधारत नाही.

७. पाटी

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी देवनागरीतील नामफलक बंधनकारक झाला. मराठी मजकूर आधी यावा लागतो आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्या दोन महिन्यांत मी जितक्या पाट्या केल्या तितक्या आधीच्या दोन वर्षांत केल्या नव्हत्या, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी आधीचा इंग्रजी लोगो मराठीत बसता बसत नव्हता. आधी देवनागरी, हा माझा आग्रह तिथेच पक्का झाला.

पाटीसाठी प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजमाप घ्या. रस्त्यापलीकडून, दुचाकीवरून आणि रात्री दिवा लागल्यावर अशा तीन परिस्थितींत नाव वाचले जाईल, हे ध्यानात ठेवून अक्षरांची जाडी ठरवा. उठावदार एलईडी अक्षरे करायची असतील तर अनुस्वार आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) हे सुटे तुकडे असतात. ते पाठीमागून कसे बसवणार ते पाटी करणाऱ्याशी आधीच बोलून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात ठिपका गळून पडतो.

८. फाइली सुपूर्द करताना

एकदा एका प्रेसमध्ये माझी फाइल टंकासकट न जाता नुसती गेली. त्यांच्या संगणकावर तो टंक नव्हता, आणि पाचशे निमंत्रणपत्रिकांवर ‘श्री’च्या जागी तीन अगम्य चिन्हे छापली गेली. आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी युनिकोड नसलेले जुने टंक वापरात आहेत, त्यामुळे मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची अशी दशा होऊ शकते. अंतिम फाइल देताना सर्व अक्षरे कर्व्ह करा, म्हणजे टंकाऐवजी त्यांचे आकृतीत रूपांतर करा. कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

ग्राहकाला द्यायच्या संचात पीडीएफ, एसव्हीजी, कोरलची फाइल, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी काळी आवृत्ती, गडद रंगावरची पांढरी आवृत्ती आणि व्हॉट्सॲपच्या गोलात बसणारी आवृत्ती असावी. यासोबत एका पानावर रंगांचे आकडे, सर्वांत लहान आकार आणि चिन्हाभोवती मोकळी सोडायची जागा लिहून द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल तर चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण चित्राचा दर्जा वाटेतच घसरतो आणि तेच धूसर चित्र पुढे वीस फुटी फ्लेक्सवर जाते.

९. हक्क आणि नोंदणी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचे, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते मानले जाते. ग्राहकाला कायमचा वापर हवा असतो, तेव्हा पत्रात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरण लागू होईल हेही लिहा. नाकारलेले पर्याय तुमचेच राहतील आणि केलेले काम नमुना म्हणून दाखवण्याची मुभा तुम्हाला राहील, ही दोन वाक्ये विसरू नका.

व्यापारचिन्हाची नोंदणी ग्राहकाने स्वतःच्या नावाने करायची असते. अर्ज टीएम-ए नमुन्यात होतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असल्यास ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला ४५०० रुपये, इतरांना ९००० रुपये आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचे कार्यालय आहे. लघुउद्योगाच्या सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र, आणि वकील अर्ज करत असेल तर मुखत्यारपत्र लागते. आधीपासून वापर असल्याचा दावा करायचा असेल तर शपथपत्रासोबत पुरावे द्यावे लागतात, म्हणून पहिले बिल, पहिली पिशवी आणि पाटीचा तारखेसह फोटो जपून ठेवायला ग्राहकाला सांगा. शक्यतो चिन्ह काळ्या-पांढऱ्यात नोंदवावे, कारण रंगाची मर्यादा न घातलेली नोंदणी सर्व रंगांसाठी धरली जाते. व्यापारचिन्ह कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात; नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

नोंदणी होण्याआधी वर्तुळातला आर (®) लोगोला लावू नका. नोंदणी नसताना तसे दाखवणे गुन्हा आहे. तोवर टीएम ही अक्षरे पुरेशी आहेत.

१०. बिल आणि वसुली

सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. डिझाइन सेवेवर दर १८ टक्के आहे. कंपनी असलेला ग्राहक बिलातून टीडीएस (आधीच कापलेला प्राप्तिकर) कापून उरलेले पैसे देतो. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली आहे का, ते प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील तुमच्या कर विवरणात तपासा. कापलेली पण भरलेली नाही अशी रक्कम मला एकदा आठ महिन्यांनी सापडली.

तुमची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रमांच्या कायद्यानुसार खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि हे एक वाक्य छापते. व्याज आजवर एकदाही मागावे लागलेले नाही. वाक्य छापल्यापासून हिशेब विभागातून फोन मात्र आपणहून येऊ लागले.

काम संपल्यावर मूळ फाइल, मान्यतेचा सही असलेला कागद आणि पहिल्या रेखाटनांची पाने वर्षाच्या क्रमाने लावून ठेवा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. तीन-चार वर्षांनी फोन येतोच: संगणक बिघडला, मुलगा परदेशी गेला, फाइल कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. पुन्हा फाइल पाठवण्याचा आकार दरपत्रकातच लिहून ठेवलेला असला तर त्या फोनवर संकोचाने बोलावे लागत नाही. त्या मसालेवाल्या काकूंचा फोन गेल्या महिन्यात आला होता. त्यांच्याकडून मी आकार घेतला नाही, त्यांनी मात्र दोन किलो कांदा-लसूण मसाला पाठवला.